नव्या बंदुकीची पहिली संध्याकाळ
लेखमाला : परवाना आणि बंदूक – भाग ६

मागच्या भागात आपण परवान्यावर बंदुकीचा नंबर चढेपर्यंत आलो होतो. आता बंदूक घरात आली आहे.

देऊळघाटला पैनगंगेच्या बाजूला ज्यांचं शेत आहे अशा एका शेतकऱ्याकडे मी गेलो, तेव्हा ती पलंगावर खोक्यासकट ठेवलेली होती. बाराबोर, दुनळी. मका कणसात आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत पट्टेच्या पट्टे लोळवून जातो, हे घाटावरच्या माणसाला सांगायला नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूकच धरली आहे. तिने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच वीस इंचांहून आखूड नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. तशी ही मिळालेली. अर्थात बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्याला वनविभागाची परवानगी वेगळी लागते.

दोन दिवसांनी नेमबाजीच्या रेंजवर जायचं ठरलं होतं. बंदूक साफ केली का, असं विचारलं.

“नवीकोरी हाये ना भाऊ, तिले काय पुसायचं?”

हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला आहे, की आजचा सगळा भाग त्यालाच दिला आहे. कारखान्यातून निघालेल्या बंदुकीला जाड तेल किंवा ग्रीस चोपडलेलं असतं. गोदामात, ट्रकमध्ये, दुकानाच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून तिला गंज चढू नये, एवढंच त्याचं काम. बार उडवताना तेच ग्रीस अडचण होतं. नळीत त्याचा थर राहिला तर दाब वाढतो, आणि चापाच्या यंत्रणेत ते थंडीत घट्ट होऊन बसलं तर घोडा मरगळल्यासारखा पडतो.

सगळ्यात आधी बंदूक उघडायची आणि काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालूनही बघायचं. दुकानदाराने दाखवलं होतं, हे उत्तर चालत नाही. या वेळी काडतुसं त्या खोलीत नकोतच. नळीचं तोंड शेजारच्या घराकडे नको. पत्र्याची भिंत छरे अडवत नाही.

मग नळ्या उतरवून उजेडाकडे धरायच्या आणि आरपार बघायचं. या एका गोष्टीवर मी हट्टाने थांबतो. आपल्याकडे कुंभारीण माशी पाइपात, कुलपाच्या भोकात, जिथे बोटभर पोकळी दिसेल तिथे चिखलाचं घर बांधते. दुकानात किंवा घरात उघडी पडलेली नळी तिला आयतीच जागा. ओल्या काळ्या मातीत तोंड टेकलं तरी नळीत बूच बसतं. त्या बुचामागून बार उडाला की छऱ्यांना वाट मिळत नाही आणि नळी फुगते किंवा फाटते. तिच्याजवळ पुढचा हात असतो.

नळी पुसायची ती मागून, म्हणजे काडतुसाच्या घरापासून तोंडाकडे. चिंधी पहिल्यांदा तपकिरी निघते, मग करडी. पांढरी निघेपर्यंत बदलत राहायची. ग्रीस सुटायला थोडं रॉकेल चालतं, पण अंगणात, चुलीपासून लांब. शेवटी बंदुकीच्या पातळ तेलाचा नावापुरता हात फिरवायचा आणि रेंजवर जायच्या सकाळी नळीतून कोरडी चिंधी ओढून तेही काढायचं. स्वयंपाकघरातलं गोडेतेल यंत्रात कधीही घालू नका. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते.

दस्त्याची गोष्ट वेगळी. अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल लावायची जुनी रीत आहे, आणि जवस विदर्भाला परकं नाही. तळहाताने चोळून पातळ लावायचं आणि दिवसभर सुकू द्यायचं. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडली नाही तर आपोआप पेट घेतं. चिंध्या तारेवर पसरून वाळवा.

नळीच्या बुडाशी कोरलेले आकडेही वाचून घ्या. बारा हा आकडा शिशाचा आहे: नळीच्या पोकळीत बसतील असे बारा गोळे एका पौंडात होतात. त्याशेजारी काडतुसाच्या घराची लांबी असते, बहुतेक नव्या बंदुकींत ७० मिलिमीटर. जुन्या काहींत ती ६५ असे, आणि ६५ च्या घरात ७० चं काडतूस उडवलं की टोक उलगडायला जागा नसते, दाब वाढतो. वडिलांच्या काळातली काडतुसं आणि नवी बंदूक, किंवा याच्या उलट, अशी सरमिसळ नको. विसाबोरचं काडतूस बाराच्या नळीत घसरून मध्येच अडकतं आणि मागून दुसरं भरलं की स्फोट होतो. म्हणूनच विसाबोरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात.

चाप ओढून बघायचा तर डमी काडतुसं घालूनच. रिकाम्या घरात पुन्हा पुन्हा चाप ओढला तर पिन मोडते. दस्ता खांद्याच्या खळग्यात, गाल दस्त्याला, असं रिकाम्या बंदुकीने वीसेक वेळा करून पाहिलं, तर रेंजवरचा पहिला धक्का खांद्याला ओळखीचा वाटतो. कानांसाठी इअरमफ घ्या. बाराबोरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कापूस घरचा असला तरी त्याचा बोळा कान वाचवत नाही. डोळ्यांना चष्मा.

उजेड उतरत आला तेव्हा एकच काम उरलं होतं. जुन्या कॅलेंडरचे कागद खळीने जोडले, सुतळीच्या एका टोकाला खिळा बांधला, १५ इंचांवर पेन्सिल, आणि गोल फिरवून ३० इंचांचं वर्तुळ काढलं. हा कागद ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर लावायचा आणि एका नळीतून एकच काडतूस उडवायचं. मग वर्तुळातली भोकं मोजायची. नळीचं तोंड पूर्ण आवळलेलं, म्हणजे फुल चोक असेल, तर काडतुसातल्या छऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के आत यायला हवेत. दुसऱ्या नळीचा कागद वेगळा.

त्यांनी दोन्ही कागदांवर तारखेसाठी जागा सोडली, त्यांची गुंडाळी केली आणि परवान्याच्या पिशवीत उभी ठेवली.

(पुढच्या आठवड्यात : कागदावरची भोकं काय सांगतात)