ससोबा कुंपणाखालून येतात

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला चार-सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना घरामागचा हिरवा तुकडा दिसला की राहवत नाही. नातवंडे शाळेत, मुले कामावर. मग एप्रिल-मेच्या उन्हात तिथे मेथी पेरली जाते, कोथिंबीर वर येते, मटाराचे वेल काठ्यांवर चढू लागतात. आणि एखाद्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन बाहेर यावे, तर वाफाच्या वाफा सपाट! घर गावाच्या कडेला, शेताला किंवा माळाला लागून असेल, तर हे घडायचेच.

संशय आधी शेजारच्या मांजरावर जातो, मग गोगलगायींवर. पण खरी साक्ष देठ देतो. सुरीने तिरके छाटावे तसा स्वच्छ काप असेल तर काम सशाचे. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडते, म्हणून कड फाटकी राहते. गोगलगाय पानाला भोके पाडते आणि मागे चकचकीत रेघ ठेवते. शेजारी वाटाण्याएवढ्या गोल, सुक्या लेंड्या दिसल्या तर मग शंकाच नको.

मराठीत आपण ज्याला सरसकट ससा म्हणतो, ते खरे तर दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्या माळरानावरचा ससा लांब कानांचा, लांब तंगड्यांचा. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. हरभऱ्याचे कोवळे कोंब तोही खातो. त्यासाठी शेतकरी काट्यांचे कुंपण घालतो, जुन्या साड्या बांधतो. (त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता.) इंग्लंडच्या बागेत येतो तो दुसरा. मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली बिळांची वसाहत करणारा. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात ते पांढरे, लाल डोळ्यांचे ससे त्याच्याच वंशातले. नॉर्मन काळात मांसासाठी आणि कातड्यासाठी तो इंग्लंडात आणला गेला, राखीव जागांत कौतुकाने जपला गेला आणि तिथून निसटला. मादी महिनाभरात विते, वर्षातून अनेकदा विते, आणि पिल्लू चार महिन्यांचे होते न होते तोच त्याचाही संसार सुरू! पुढचा हिशेब वाचकांनीच करावा.

उपाय विचारले की प्रत्येक शेजारी वेगळा सांगतो. कुणी तिखटपूड भुरभुरतो, कुणी न्हाव्याकडून केसांची पिशवी आणतो, कुणी उग्र वासाच्या साबणाच्या वड्या टांगतो. इंग्लंडच्या पावसात तिखट किती तास टिकणार? सशांना न आवडणाऱ्या झाडांच्या याद्याही मिळतात. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. डॅफोडिल आणि फॉक्सग्लव्हला ससे सहसा तोंड लावत नाहीत, कांदा-लसणाच्याही वाटेला फारसे जात नाहीत. पण नव्याने लावलेले कोवळे रोप ते एकदा तरी चाखून बघतात, आणि बर्फ पडल्यावर कोवळ्या झाडांची सालसुद्धा सोडत नाहीत. खोडाची साल सर्व बाजूंनी गेली की झाड मरते. त्यासाठी बुंध्याभोवती प्लॅस्टिकचे वेटोळे बसवतात, ते मात्र कामाचे.

वैताग वाढला की माणूस कुठवर जातो, त्याची एक कथा फ्रान्समध्ये घडली. पॉल-फेलिक्स आर्मां-देलील हे निवृत्त डॉक्टर. पॅरिसच्या पश्चिमेला मायबुआ येथे त्यांची भिंत घातलेली मोठी इस्टेट होती आणि तिच्यात ससे मातले होते. ऑस्ट्रेलियाने १९५० साली सशांवर एक विषाणू सोडला होता. त्याने सशाचे डोळे सुजतात, तो आंधळा होतो आणि काही दिवसांत मरतो. डॉक्टरसाहेबांनी तोच विषाणू मिळवला आणि जून १९५२ मध्ये दोन सशांना टोचून त्यांना आवारात सोडून दिले. भिंत आहेच, रोग जाईल कुठे? पण डास आणि पिसवांना भिंत कसली? दोन-तीन वर्षांत फ्रान्समधले बहुतेक रानससे संपले आणि १९५३ मध्ये रोग इंग्लंडात पोचला. रस्त्याकडेला आंधळे ससे धडपडताना पाहून तिथले लोक हळहळले. १९५४ मध्ये ब्रिटनने कायदा करून हा रोग मुद्दाम पसरवणे गुन्हा ठरवले. आर्मां-देलील यांना न्यायालयाने दंड केला आणि पुढे शेतीवर उपकार केल्याबद्दल सुवर्णपदकही मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच कृत्यासाठी! आज मायभूमीत हाच ससा इतका रोडावला आहे की २०१९ मध्ये जागतिक लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. त्याच्यावरच जगणाऱ्या आयबेरियन लिंक्स या रानमांजरासाठी स्पेनमध्ये माणसे सशांना कृत्रिम बिळे बांधून देतात.

तेव्हा आपल्या चार वाफ्यांसाठी उपाय एकच, कुंपण. तेही वेळेवर. ऑस्ट्रेलियात १८५९ च्या नाताळात शिकारीच्या हौसेसाठी चोवीस ससे उतरले. त्यांची संतती अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात १८०० किलोमीटरहून लांब कुंपण घातले, पण ते पुरे होण्याआधीच ससे पलीकडे पोचले होते.

आपल्याला एवढा खटाटोप नको. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी पुरते, फक्त तिचे भोक इंचापेक्षा मोठे नको, नाहीतर पिल्ले शिरतात. जमिनीच्या वर तीन-चार फूट आणि खाली एक फूट. खरी गंमत पुढेच आहे. पुरलेल्या जाळीचा खालचा सहा इंच भाग बाहेरच्या बाजूला, म्हणजे सशाकडे वळवायचा. ससा नेहमी कुंपणाच्या अगदी पायाशी उकरू लागतो. जाळी लागली की थोडे सरकून पुन्हा पायाशीच उकरतो. चार पावले मागे जाऊन तिथून भुयार काढावे, हे त्याला बहुधा सुचत नाही.

चांगली जाळी घालूनही पीक जाते ते फाटकापायी. बियाट्रिक्स पॉटर यांच्या १९०२ सालच्या प्रसिद्ध गोष्टीतला पीटर ससा मॅकग्रेगर यांच्या बागेत शिरतो तो फाटकाखालच्या फटीतूनच! फाटकाखाली विटांची ओळ बसवावी किंवा लाकडी पट्टी ठोकावी आणि नातवंडांना फाटक लावून घ्यायची सवय लावावी, हे काम आजोबांचे. आणि शेवटचा खिळा ठोकण्याआधी सगळ्या झुडपांखाली काठी घेऊन एक फेरी मारावी. ससोबा आतच राहिले, तर त्यांना बाहेर जायलाही वाट राहत नाही.