एका किलोत किती?
कोळंबीशेतीतल्या नव्या पद्धतींचा हिशेब

कोळंबीचं तळं काढायला आलं की व्यापाऱ्याचा माणूस आधी पाग टाकतो. वर आलेल्या मालातली एक किलो तोलून मोजायला बसतो. किलोत पन्नास भरल्या तर ‘पन्नास काउंट’, शंभर भरल्या तर ‘शंभर काउंट’. भाव या आकड्यावर ठरतो, आणि पन्नास काउंटचा किलो शंभर काउंटच्या किलोपेक्षा बराच चढा विकला जातो. कोळंबी दुप्पट वाढली की वजन दुप्पट होतंच, शिवाय प्रत्येक किलोचा दरही चढतो. म्हणून शेवटच्या तीन-चार आठवड्यांची वाढ शेतकऱ्याला सगळ्यात जास्त पैसे देते. अडचण अशी की त्याच दिवसांत तळ्यात सगळ्यात जास्त पैसा बुडालेला असतो, पाण्यातला प्राणवायू सगळ्यात अपुरा पडत असतो आणि रोगाचं भयही सगळ्यात मोठं असतं. कोळंबीशेतीत आलेल्या प्रत्येक नव्या पद्धतीचं मोल या शेवटच्या आठवड्यांत ठरतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंध्रच्या किनाऱ्यावर, विशेषतः नेल्लोर भागात, टायगर कोळंबीची लाट आली. भाताची खाचरं तळी झाली. बीज मिळायचं ते समुद्रातून पकडून आणलेल्या माद्यांपासून, आणि त्या मादीच्या अंगात काय आहे हे कुणी तपासत नव्हतं. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग पसरला आणि तळीच्या तळी काही दिवसांत रिकामी झाली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातल्या आधुनिक कोळंबीतळ्यांविरुद्ध निकाल दिला. या व्यवसायाला नीट कायदेशीर चौकट मिळाली ती २००५ च्या किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याने. मधल्या काळात ज्यांनी जमीन गहाण टाकून तळी खणली होती त्यांचं काय झालं, हे त्या भागात अजूनही सांगतात.

मग २००९ मध्ये व्हॅनामी आली. ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची पांढुरकी कोळंबी. तिची प्रजननक्षम जोडी परदेशातल्या रोगमुक्त पैदास केंद्रांतून विमानाने येते, चेन्नईजवळ नीलांकरईच्या विलगीकरण केंद्रात तपासली जाते आणि मगच बीज तयार करणाऱ्या हॅचरीत जाते. टायगर तळाशी राहते, व्हॅनामी पाण्याच्या सगळ्या थरांत वावरते. तिला प्रथिनं कमी लागतात आणि खारेपणातला चढउतार ती सोसते. त्यामुळे तळ्यात ती दाट सोडता येते. नियमाने चौरस मीटरला ६० पर्यंत परवानगी मिळाली. थोड्याच वर्षांत देशाची बहुतेक कोळंबीशेती व्हॅनामीची झाली. २०२३-२४ मध्ये भारताने सात लाख टनांहून अधिक गोठवलेली कोळंबी निर्यात केली, तिची किंमत सुमारे ४० हजार कोटी रुपये. देशाच्या मत्स्यनिर्यातीतला दोन-तृतीयांश पैसा या एकाच मालाचा.

हा झाला यशाचा आकडा. मला मात्र एका हेक्टरचा हिशेब मांडायचा आहे. दर आठवड्याला भाव हलतात, म्हणून पुढचे दर फक्त समजण्यापुरते धरलेले आहेत.

हेक्टरभर तळ्यात चौरस मीटरला ६० प्रमाणे सहा लाख पिल्लं सोडली. त्यातली ८० टक्के जगली आणि २० ग्रॅमची झाली, तर ९,६०० किलो माल निघतो, काउंट ५०. भाव ३४० रुपये धरला तर साडेबत्तीस लाखांच्या वर हातात. एक किलो कोळंबीमागे १.४ किलो खाद्य लागलं आणि खाद्य ९५ रुपये किलो असलं, तर नुसतं खाद्यच पावणेतेरा लाखांचं. बीज, वीज, डिझेल, मजुरी, भाडं, औषधपाणी धरून एकूण खर्च चोवीस लाखांच्या घरात. उरले साडेआठ लाख.

आता त्याच तळ्यात ‘ईएचपी’ शिरला असं धरू. हा एक सूक्ष्म परजीवी. तो कोळंबीला पटकन मारत नाही, तिची वाढ खुंटवतो. शेतकऱ्याला तळं जिवंत दिसतं, तो खाद्य टाकत राहतो. शंभर दिवसांनी कोळंबी दहाच ग्रॅमची. ४,८०० किलो माल, काउंट १००, भाव २३०. हातात अकरा लाख, खर्च झालेले वीस. नऊ लाखांचा खड्डा. म्हणजे एक वाईट हंगाम एका चांगल्या हंगामाची कमाई पुरती गिळून वर थोडं मागतो.

हेच तळं विरळ भरलं तर? चौरस मीटरला २५. त्यातली ८० टक्के जगली, म्हणजे दोन लाख कोळंबी २५ ग्रॅमपर्यंत वाढली, पाच टन, काउंट ४०, भाव ३९०. साडेएकोणीस लाख आले, तेरा लाख गेले, साडेसहा उरले. आणि रोग येऊन वाढ निम्म्यावर थांबली तर तोटा साधारण साडेचार लाखांचा. नफा पाव हिश्शाने घटला, पण तोटा निम्मा झाला. दोन हंगामांतला एक बुडाला तरी विरळ तळ्याचा मालक दोन लाख घेऊन घरी जातो. दाट तळ्याचा मालक कर्ज घेऊन.

नव्या पद्धतींच्या जाहिरातीत नेहमी चांगल्या हंगामाचा आकडा असतो. हेक्टरी किती टन, हाच प्रश्न विचारला जातो. लहान शेतकऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वाईट हंगामात किती जातील, आणि तेवढे गेले तर पुढच्या हंगामाचं बीज घ्यायला माझ्याकडे काही उरेल का? पन्नास तळी असलेल्या कंपनीची दहा बुडाली तरी चाळीस सावरून धरतात. दोन तळ्यांच्या माणसाला तसली सरासरी मिळत नाही. त्यामुळे तो नवी पद्धत नाकारतो तेव्हा त्याला मागासलेला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बहुतेक वेळा त्याचा हिशेब बरोबर असतो.

त्याच्या हिशेबात आणखी एक माणूस असतो, खाद्याचा डीलर. बँक कोळंबीतळ्याला सहजी कर्ज देत नाही आणि पिकाचा विमाही सहजी मिळत नाही. मग डीलर बीज-खाद्य उधारीवर देतो, दरात व्याज मिसळतो, आणि पुष्कळदा माल कुणाला विकायचा हेही तोच ठरवतो. खाद्य वाचवणाऱ्या यंत्राबद्दल अशा शेतकऱ्याला सल्ला कोण देणार? ज्याचं पोट खाद्य विकण्यावर आहे, तो? मत्स्यशेतीला किसान क्रेडिट कार्ड लागू झालं, २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनाही आली. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. पण अनुदान तळं खणायला आणि यंत्र घ्यायला उपयोगी पडतं. शंभर दिवसांच्या खेळत्या भांडवलाची उधारी त्याने सुटत नाही.

खाद्य वाचवणारं यंत्र म्हणजे ऑटोफीडर. माणूस होडक्यातून दिवसातून चार-पाच वेळा खाद्य फेकतो आणि चेक ट्रे वर काढून किती उरलं ते बघतो. कोळंबी सावकाश कुरतडत खाते. तोवर खाद्यातलं सत्त्व पाण्यात विरघळतं आणि उरलेला गाळ तळाशी सडतो. यंत्र दिवसभर थोडं थोडं टाकतं. इक्वेडोरमधल्या मोठ्या तळ्यांत तर पाण्यात माइक सोडलेला असतो, तो कोळंबी खाताना होणारा कुरकुर आवाज टिपतो आणि आवाज थांबला की यंत्रही थांबतं. खाद्य हाच निम्म्याहून जास्त खर्च असल्याने इथली दहा टक्के बचतही वरच्या हिशेबात सव्वा लाखाची ठरते.

इक्वेडोरचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबलं पाहिजे. १९९९ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिथेही पोहोचला आणि धंदा कोसळला. त्या लोकांनी तळी विरळ ठेवली आणि रोगातून वाचलेल्या कोळंबीचीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली. आशियाने उलट रोगमुक्त बीज आणि दाट तळी हा मार्ग धरला. रोगमुक्त बीज हे रोगाला दाद न देणारं बीज नव्हे. रोगट पाण्यात ते इतर बिजासारखंच आजारी पडतं. २०१२-१३ मध्ये थायलंडमध्ये लवकर मरतुकीचा रोग आला आणि उत्पादन जवळपास निम्म्यावर घसरलं. इक्वेडोर २०२२ पासून वर्षाला दहा लाख टनांहून जास्त कोळंबी निर्यात करतो, आपल्याहून पुढे. तिथे जमीन मुबलक आणि तळी प्रचंड आहेत, त्यामुळे त्यांची नक्कल जशीच्या तशी होणार नाही. पण दाटी वाढवण्याआधी तोटा आवरण्याचा त्यांचा क्रम आपण शिकायला हवा.

नर्सरीची पद्धत मला या दृष्टीने सगळ्यात व्यवहार्य वाटते. हॅचरीतलं बीज थेट मोठ्या तळ्यात न सोडता तीन-चार आठवडे अस्तर घातलेल्या लहान टाकीत वाढवायचं. बीज खराब निघालं तर ते तिथेच कळतं, हेक्टरभर तळ्यात खाद्य ओतण्याआधी. बायोफ्लॉकचा गवगवा मोठा आहे: पाण्यात गूळ किंवा मळी घालून जिवाणू वाढवायचे, ते कोळंबीची विष्ठा पचवतात आणि स्वतःच तिचं खाद्य होतात. पाणी बदलावं लागत नाही. पण पाण्यात हवा मिसळणारे एरेटर अहोरात्र चालवावे लागतात, आणि वीज गेली, जनरेटर अडला, तर थोड्याच वेळात सगळा माल जातो. ही पद्धत जमीन आणि पाणी वाचवून वीज खाते. जमीन महाग आणि वीज भरवशाची असेल तिथेच ती परवडते.

जमिनीचा हा मुद्दा हरियाणा-पंजाबात उलट्या बाजूने दिसतो. कालव्यांच्या पाण्याने तिथली भूजलपातळी वर आली, मीठ वर आलं आणि शेतं पडीक झाली. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं एक केंद्र रोहतकजवळ लाहलीला आहे. तिथल्या खाऱ्या भूजलात समुद्राच्या मानाने पोटॅशियम फार कमी असतं, त्यामुळे कोळंबी कात टाकताना मरते. पोटॅश घालून ते प्रमाण जुळवलं की ती जगते. ज्या जमिनीत गहू येत नाही, कापूस येत नाही, तिथे कोळंबीसाठी सोडून द्यावं लागणारं दुसरं पीकच नसतं. तरी हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून ५८ हजार हेक्टर जमीन योग्य ठरलेली असताना, २०२५ च्या सरकारी माहितीनुसार वापरात आली होती अवघी २,६०८ हेक्टर. थंडीमुळे वर्षाला एकच पीक, बीज दूरच्या किनाऱ्यावरून, प्रक्रिया कारखाने दूर, आणि ठरलेला बाजार नाही.

त्या बाजाराचा भरवसा किनाऱ्यावरही नसतो. आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिका. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिथे बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झालं, आणि कोळंबीवर जुने प्रतिशुल्क वेगळे. ज्याने त्या हंगामात तळ्याचं अस्तर आणि एरेटर यांसाठी कर्ज काढलं होतं, त्याचा हप्ता वॉशिंग्टनमधल्या निर्णयाने हलला.

आपल्या कोकणात ही सगळी गणितं एकत्र येतात. पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाजणांत पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, व्हॅनामी ते सोसते. मुंबईची बाजारपेठ आणि तळोज्याचे प्रक्रिया कारखाने जवळ. पण जमीन तुकड्यांची, पावसात वीज बेभरवशाची आणि बीज बहुतेक पूर्व किनाऱ्यावरून येणारं. त्यात एकाच खाडीतून सगळे पाणी घेतात आणि त्याच खाडीत सोडतात. वरच्या तळ्यात रोग आला आणि त्याने पाणी सोडलं, तर खालच्याने जाळी, क्लोरीन, तपासण्या यांवर केलेला खर्च वाया जातो. रोग रोखण्याचा पैसा एकट्याने घातला तर फळत नाही. आंध्रात हे उमगल्यावर गावोगावी शेतकऱ्यांचे गट उभे राहिले आणि त्यांना बळ देण्यासाठी २००७ मध्ये राष्ट्रीय शाश्वत जलसंवर्धन केंद्र स्थापन झालं. गटाने एकाच आठवड्यात बीज सोडायचं, हॅचरीशी एकत्र सौदा करून तपासलेलं बीज घ्यायचं, आणि कुणाच्या तळ्यात रोग दिसला तर त्याने पाणी न सोडता सगळ्यांना कळवायचं. यात यंत्र नाही, म्हणून विकायला कुणी येत नाही. कोकणातल्या खाजणांत बांध आणि उघाडी, म्हणजे पाण्याची दारं, गावाने मिळून राखण्याची रीत जुनीच आहे. पाणी आत घेण्याचा पाट आणि बाहेर सोडण्याचा पाट वेगळा करायचा, आणि वापरलेलं पाणी खाडीत जाण्याआधी एका तळ्यात निवळू द्यायचं, एवढं काम त्याच समित्यांकडे सोपवता येईल. त्यासाठी कुणाला तरी आपला तुकडा तळ्याविना ठेवावा लागेल. त्याचं भाडं बाकीच्यांनी वाटून द्यायचं. वरच्या हिशेबात ते भाडं हेक्टरी काही हजारांच्या घरात बसतं, आणि ते टाळल्यामुळे जाऊ शकतात ते नऊ लाख.