काँक्रीटच्या कालव्यातून पुन्हा नदी
नागरी भूदृश्यरचना, म्हणजे शहरातील मोकळ्या जागा, पाणी आणि झाडे यांची नियोजनपूर्वक मांडणी, निसर्गाच्या नियमांना धरून केली तर काय साधते, हे सिंगापूरच्या बिशान–आंग मो किओ उद्यानात दिसते. तेथे कलांग नदीचा सुमारे २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा मोडून २०१२ पर्यंत सुमारे ३.२ किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवाह घडवण्यात आला आणि त्याचे काठ दगड व माती धरून ठेवणाऱ्या वनस्पतींनी बांधले गेले. एरवी रहिवाशांना फिरण्या-खेळण्यासाठी खुली असलेली काठावरची हिरवळ मुसळधार पावसात नदीला पसरू देते, म्हणजेच पूरमैदानाचे काम करते. नदीला भिंतींआड न कोंडता तिला जागा देणे आणि लोकांना तिच्याजवळ जाऊ देणे, हेच धोरण आपल्या शहरांनीही स्वीकारावे.