दोन हप्त्यांमधले दिवस

चार्ल्स डिकन्स यांची ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी आज सदुसष्ट प्रकरणांच्या एकाच जाडजूड ग्रंथाच्या रूपात हाती येते, आणि आरंभीचे लंडनचे धुके, न्यायालयाचे रेंगाळणारे कामकाज व एकामागून एक दाखल होणारी पात्रे यांतून वाट काढताना अनेक वाचकांचा धीर सुटतो. परंतु ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्या ब्रिटिश वाचकांना ती अशी एकगठ्ठा मिळाली नव्हती. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात ती मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. प्रत्येक हप्त्यात बत्तीस पाने मजकूर आणि ‘फिझ’ या टोपणनावाने ओळखले जाणारे चित्रकार हॅब्लॉट ब्राउन यांची दोन चित्रे असत, किंमत एक शिलिंग असे, आणि शेवटचा हप्ता तेवढा जोडअंक म्हणून दोन शिलिंगांना विकला गेला. एवढा मजकूर एकदोन संध्याकाळींत वाचून होई आणि उरलेला महिना त्यावर बोलण्यासाठी, तर्क लढवण्यासाठी आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहण्यासाठी मोकळा राही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः वाचणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव परका नव्हता. दीर्घ कादंबरीचा पल्ला ज्यामुळे पार होत असे, ते हे मधल्या दिवसांतले बोलणे होते, आणि ब्रिटनमध्ये त्याला पुन्हा जागा मिळवून दिली ती मुख्यतः दूरचित्रवाणी मालिकांनी.

वाचकांचे बोलणे लेखकापर्यंत कसे पोहोचत असे, याचे उत्तम उदाहरण याच कादंबरीत सापडते. डिसेंबर १८५२ च्या हप्त्यात क्रूक नावाचा दारुडा भंगारवाला कोणत्याही बाह्य कारणाशिवाय आपोआप जळून जातो आणि खोलीत काजळी, राख व दुर्गंधी तेवढी उरते. मानवी शरीर असे स्वतःहून पेट घेऊ शकते, ही समजूत त्या काळी बऱ्याच जणांची होती; मात्र ‘लीडर’ या साप्ताहिकातून समीक्षक जॉर्ज हेन्री लुइस यांनी ती अशास्त्रीय असल्याचे सांगून डिकन्स यांना जाहीरपणे धारेवर धरले. कादंबरी अजून पूर्ण व्हायची असल्यामुळे डिकन्स यांना पुढच्याच हप्त्यात जुन्या वैद्यकीय दाखल्यांचा उल्लेख घालून उत्तर देता आले, आणि ग्रंथरूप आवृत्तीच्या प्रस्तावनेतही त्यांनी आपला हेका सोडला नाही. शास्त्राच्या दृष्टीने लुइस यांचे म्हणणे खरे होते. तरीही ज्या समाजाचे न्यायालय स्वतःच्या साचलेल्या घाणीने आतून सडत आहे, त्या समाजाच्या कथेत क्रूकचे मरण जितके शोभते तितके दुसरे कोणतेही शोभले नसते. याच लुइस यांनी पुढे आपल्या सहचारिणी जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ ही प्रदीर्घ कादंबरी आठ भागांत विकण्याची कल्पना प्रकाशक जॉन ब्लॅकवुड यांच्यापुढे मांडली, आणि डिसेंबर १८७१ पासून वर्षभरात ती त्याप्रमाणे प्रसिद्ध झाली.

‘ब्लीक हाउस’ अवघड वाटते याची कारणे दोन. पहिले कारण तिच्या केंद्रस्थानी असलेला ‘जार्नडाइस विरुद्ध जार्नडाइस’ हा वारसाहक्काचा खटला होय, जो चान्सरी, म्हणजे वारसा, विश्वस्त निधी व अज्ञान मुलांची मालमत्ता यांसंबंधीचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि अखेर सगळी इस्टेट कोर्टखर्चात संपल्यामुळे आपोआप बंद पडतो. दुसरे कारण निवेदनाचे आहे. काही प्रकरणे सर्व काही पाहणारा एक अनाम निवेदक वर्तमानकाळात सांगतो, तर उरलेली एस्थर समर्सन ही अनाथ म्हणून वाढलेली तरुणी स्वतःच्या आठवणी म्हणून भूतकाळात सांगते. या दोन आवाजांमधील दुवे जुळवण्याचे काम वाचकाकडे येते.

या कादंबरीचे पडद्याशी नाते सिनेमाच्या बाल्यावस्थेपासूनचे आहे. ब्रायटनच्या परिसरात काम करणारे चित्रपटकार जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी १९०१ च्या सुमारास रस्ता झाडणाऱ्या ‘जो’ या पोराच्या मृत्यूवर एक मूकपट काढला होता, जो ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात २०१२ मध्ये ओळखला गेला आणि डिकन्स यांचे पात्र असलेला उपलब्ध चित्रपटांपैकी सर्वांत जुना ठरला. त्याची लांबी जेमतेम एक मिनिट आहे. बर्फात कोसळणारे पोर आणि कंदील घेऊन आलेला पहारेकरी, एवढ्यावर काम भागते, कारण समोरच्या प्रेक्षकांना उरलेली कथा ठाऊक असल्याचे गृहीत धरलेले आहे.

संपूर्ण कथा सांगायची तर मालिकेला पर्याय नव्हता. बीबीसीच्या १९८५ च्या आठ भागांच्या मालिकेत डायना रिग यांनी पूर्वायुष्याचे गुपित दडवणारी लेडी डेडलॉक साकारली, आणि २००५ च्या मालिकेत ती भूमिका जिलियन अँडरसन यांच्याकडे आली. या दुसऱ्या मालिकेचे पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी कथेची मांडणी पंधरा भागांत केली, ज्यांतील पहिला तासाभराचा आणि उरलेले अर्ध्या तासाचे होते, आणि बीबीसीने ते ‘ईस्टएंडर्स’ या अतिशय लोकप्रिय दैनंदिन जीवनाच्या मालिकेला लागून आठवड्यातून दोनदा दाखवले. अभिजात कृतीला अशा मालिकेच्या पंगतीस बसवल्याबद्दल काही रसिकांनी नाके मुरडली. पण दर हप्त्याच्या शेवटी वाचकाला टांगणीला लावणाऱ्या डिकन्स यांच्या स्वभावाला ही योजना धरूनच होती.

रूपांतराचे काम किती बारकाईचे असते, हे या मालिकेतील एका छोट्या पात्रावरून दिसते. लेडी डेडलॉकच्या पूर्वायुष्याचा माग काढणारा वकील टल्किंगहॉर्न (अभिनेते चार्ल्स डान्स) कादंबरीत कोणाशीही मनातले बोलत नाही, आणि त्याची दहशत त्या अबोलपणातच असते. निवेदक त्याच्या हालचाली टिपून वाचकाला सावध करू शकतो. कॅमेऱ्यासमोर मात्र गप्प बसलेला माणूस नुसता गप्प बसलेला दिसतो. म्हणून डेव्हिस यांनी क्लॅम नावाचा एक कारकून नव्याने निर्माण केला, ज्याला टल्किंगहॉर्न हुकूम सोडतो आणि त्या निमित्ताने त्याचे डाव प्रेक्षकाला कळतात. याउलट बॅग्नेट हे प्रेमळ सैनिकी कुटुंब आणि नवऱ्यावर संशय घेणारी मिसेस स्नॅग्सबी यांना मालिकेत जागा मिळाली नाही. बॅग्नेट कुटुंब गेल्याची हळहळ रास्तच आहे, कारण कादंबरीतील थोड्या सुखी घरांपैकी ते एक आहे.

अशा मालिकांभोवती बोलणे किती दूरवर पसरू शकते, हे जॉन गॉल्सवर्दी यांच्या ‘फोर्साइट सागा’ने दाखवून दिले होते. डोनाल्ड विल्सन यांनी निर्मिलेली ही सव्वीस भागांची मालिका जानेवारी १९६७ मध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाली. ती वाहिनी तेव्हा सगळीकडे दिसत नसल्यामुळे खरी लाट उसळली ती सप्टेंबर १९६८ पासून पहिल्या वाहिनीवर रविवारी रात्री झालेल्या पुनःप्रक्षेपणाने. अखेरचा भाग सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला, आणि काही चर्चनी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलल्याचे त्या काळी सांगितले जाई. वादाचा विषय होता सोम्स फोर्साइटने पत्नी आयरीनवर केलेला बलात्कार. दोष कोणाचा यावर घरोघर तट पडले आणि सोम्सची बाजू घेणारेही थोडे नव्हते. पतीने केलेला बलात्कार हा गुन्हाच आहे असा निर्णय इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९१ मध्ये दिला, हे लक्षात घेतले म्हणजे एका जुन्या कादंबरीवरचे ते बोलणे किती जिवंत प्रश्नाला भिडत होते ते कळते.

मालिका संपल्यावर पुस्तकाकडे वळणाऱ्यांचा ओघही मोठा असतो. स्टॅमफर्ड या जुन्या गावात चित्रित झालेली ‘मिडलमार्च’ ही मालिका १९९४ मध्ये दाखवली गेली, तेव्हा सव्वाशे वर्षे होत आलेली ती कादंबरी खपाच्या यादीत चढली. बोलण्याची सोय करणाऱ्या संस्थाही ब्रिटनमध्ये जुन्या आहेत. लंडनमध्ये १९०२ साली स्थापन झालेली डिकन्स फेलोशिप ही अभ्यासक व सामान्य वाचक यांना एकत्र आणणारी मंडळी १९०५ पासून ‘द डिकेन्सियन’ हे नियतकालिक चालवते, आणि तिने वाचवलेल्या ४८, डाउटी स्ट्रीट या डिकन्स यांच्या घरात १९२५ मध्ये संग्रहालय उघडले. मूळ हप्त्यांच्या विभागणीप्रमाणे महिन्याला एक भाग वाचून त्यावर चर्चा करण्याची पद्धतही काही वाचकगटांनी पुन्हा उचलली आहे, आणि नव्याने ‘ब्लीक हाउस’ वाचू पाहणाऱ्यासाठी याहून चांगली पद्धत सुचवता येणार नाही.

पडद्यावर जे हरवते ते मात्र अशाच वाचनात परत मिळते. कादंबरीत लेडी डेडलॉक ही एस्थरची आई असल्याचा उलगडा दोन्ही आवाजांतून, वेगवेगळ्या गतीने होतो; अनाम निवेदकाच्या प्रकरणांत वाचक पुढे गेलेला असतो आणि एस्थरच्या प्रकरणांत त्याला तिच्या अजाणतेपणात परत यावे लागते, ज्यामुळे तिच्याविषयीची काळजी वाढत जाते. मालिकेत सर्वांकडे एकाच कॅमेऱ्यातून पाहिले जात असल्यामुळे ही ओढाताण नाहीशी होते. शेवटही त्याच कारणाने बदलतो. २००५ ची मालिका एस्थर आणि डॉक्टर वुडकोर्ट यांच्या लग्नसोहळ्यातील नाचावर संपते; कादंबरीत लग्नाला सात वर्षे लोटल्यावर एस्थर स्वतःच्या रूपाविषयी एक वाक्य सुरू करते आणि डिकन्स ते अर्ध्यावर तोडतात. देवीसदृश आजाराने गेलेले तिचे रूप परत आले की नाही, हे त्यामुळे अधांतरी राहते, आणि दीडशेहून अधिक वर्षे त्यावर वाचकांचे एकमत झालेले नाही.