ढाबळीतील उंदीर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अबुल फजलाची कबर ग्वाल्हेरहून दक्षिणेस, झाशीच्या वाटेवर, आंतरी या गावी आहे. १६०२ साली वीरसिंह बुंदेल्याने त्याला याच मुलखात गाठून ठार केले. त्याच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या करमणुकींचे जे प्रकरण आहे, त्यात कबुतरे उडवण्याच्या छंदाला अकबराने ‘इश्कबाजी’ हे नाव दिल्याचे आणि दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे असून त्यांतील पाचशे ‘खासा’ म्हणून गणली जात असल्याचे नमूद आहे. बादशाही गेली, रियासतीही गेल्या. परंतु दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा कायमचा तळ दिला आणि त्या तळाचे पुढे जे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले, त्याच्या दाट वस्तीत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या गच्च्यांवर, तो छंद अजून जिवंत आहे. ज्याने कबुतरांची ढाबळ बाळगली आहे त्याला उंदराचा उपद्रव सांगून कळावा लागत नाही. पण त्या उपद्रवावर जे उपाय एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सांगितले जातात, त्यांतले बरेचसे ऐकीव आहेत, आणि ऐकीव उपायांनी उंदीर थोडे मरतात व कबुतरे अधिक मरतात, म्हणून या विषयाचा जरा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिला आणि सर्वांत रूढ समज असा, की उंदीर ढाबळीत शिरतो तो अंड्यांच्या व पिलांच्या लोभाने. वस्तुतः तो येतो दाण्यासाठी. बाजरी, गहू, मका, हरभरा हे जे आपण कबुतरांपुढे टाकतो ते त्याचेही नित्याचे अन्न आहे. मोठे कबूतर दिवसाला सुमारे तीस ग्रॅम दाणा खाते आणि भरल्या अंगाचा उंदीर त्याहून फारसे कमी खात नाही, म्हणजे ढाबळीत वावरणारा प्रत्येक उंदीर हा जवळजवळ एका कबुतराचा शिधा खातो आणि मलमूत्राने नासवतो तो दाणा वेगळाच. अंडे आणि पिलू हे त्याला तेथे येण्याजाण्याची वहिवाट पडल्यानंतर सापडतात, आणि एकदा ती चव लागली की तो ती सोडत नाही. हा क्रम ध्यानात घेतला तर बंदोबस्ताची सुरुवात कोठून करावयाची हे आपोआप ठरते. दाणा जमिनीवर न फेकता परातीत द्यावा, कबुतरे खाऊन बाजूला झाली की अर्ध्या तासाच्या आत परात उचलावी, आणि साठा पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावा. पाण्याचेही तसेच आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि त्या दिवसांत रात्रभर भरून ठेवलेले मातीचे भांडे उंदराला दाण्याइतकेच आमिष ठरते. कबुतरे अंधारात पाणी पीत नाहीत, म्हणून सूर्यास्तानंतर भांडे काढावे आणि उजाडताच ताजे भरून ठेवावे.

दुसरा समज असा, की मोठे कबूतर आपल्या घरट्याचे रक्षण करते, तेव्हा उंदीर आला तरी त्याचे काही चालत नाही. दिवसा हे काही अंशी खरे आहे. घरट्यावरचे कबूतर पंखाचा फटका जोराने मारते. परंतु उंदीर रात्री येतो, आणि रात्री कबुतराला फारच थोडे दिसते. आपले पाळीव कबूतर, मग ते लक्का असो, लोटण असो, शिराजी असो वा गिरेबाज असो, मुळात रानपारव्याचे वंशज आहे; आणि पारवा कोठे राहतो हे पाहावयाचे तर ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या उभ्या कड्याकडे पाहावे, जेथे वालुकाश्माच्या कपारींतून तो शतकानुशतके घरटी करीत आला आहे. चार काड्यांचे ओबडधोबड घरटे आणि त्यात उघडी दोन पांढरी अंडी, एवढाच त्याचा संसार. अंडी लपवण्याची किंवा घरटे भक्कम करण्याची कला तो शिकला नाही, कारण ज्या गुळगुळीत, सरळ उभ्या भिंतीवर तो राहिला तिने ते काम त्याच्या वतीने केले. आपण त्याला कड्यावरून काढून फळ्यांच्या खोलीत आणले आणि कडा मात्र मागेच ठेवला. उंदरांच्या बाबतीत मला जे म्हणावयाचे आहे त्याचे सार हेच, की ढाबळीला पुन्हा त्या कड्याचे गुण द्यावेत. बाकीचे सारे उपाय दुय्यम होत.

या दृष्टीने पाहिले म्हणजे तिसऱ्या समजाचा, म्हणजे गच्चीवरची ढाबळ उंदरांपासून सुरक्षित असते या समजाचा, फोलपणा दिसून येतो. जमिनीत बिळे करणारी घूस सहसा तिसऱ्या मजल्यावर येत नाही हे खरे. परंतु आपल्या घरांतून वावरणारा काळा उंदीर हा मुळातच चढणारा प्राणी आहे, आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा नळ, विजेची तार, गच्चीवर टेकलेली कडुनिंबाची फांदी, चुन्याच्या दरजा निघालेली जुनी दगडी भिंत, यांपैकी काहीही त्याला जिन्यासारखे उपयोगी पडते. पावसाळ्यात स्वर्णरेखेच्या नाल्याकाठची बिळे पाण्याने भरली की आसपासच्या घरांत उंदरांचा राबता वाढतो, आणि भिंती सामाईक असल्याने एका घरातला उंदीर चार घरांच्या छतांवर फिरतो. तो उभ्याने सुमारे अडीच फूट उडी घेतो. म्हणून ढाबळ जमिनीपासून वा गच्चीपासून तीन फूट उचललेली, भिंतीपासून व फांद्यांपासून दूर, आणि पायांना मध्यावर पत्र्याच्या उलट्या नरसाळ्यासारखी गळपट्टी बसवलेली असावी. अंगणातच ढाबळ असेल तर जाळी जमिनीत दोन फूट खोल पुरून तिचा तळ बाहेरच्या बाजूस फूटभर वळवावा, म्हणजे खणणारी घूस त्या आडव्या जाळीवर अडते.

जाळीसंबंधीचा गैरसमज तर सर्वांत महागात पडणारा आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी, इंचभर घराची जाळी पुष्कळांनी मोठ्या विश्वासाने ढाबळीला लावलेली असते. ती कबुतराला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. उंदराची कवटी जेथून निघते तेथून त्याचे उरलेले शरीर निघते. अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदराचे पोर आणि पाव इंचाहून जरा मोठ्या फटीतून लहान घरगुती उंदीर सहज आत येतो. म्हणून पाव इंची चौकोनी घराची, जोड वितळवून पक्के केलेली जाडसर लोखंडी जाळीच घ्यावी, मग ती कितीही महाग वाटो. लाकूड, शिसे, ॲल्युमिनियम, भुसभुशीत झालेला चुना, हे सारे उंदीर कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात; तेव्हा दाराच्या खालच्या कडेला आणि चौकटीच्या कोपऱ्यांना पत्रा ठोकावा, आणि भिंतीतली भोके भांडी घासण्याची तारेची घासणी कोंबून वर सिमेंटने लिंपावीत.

ज्याचा अपराध नाही त्याच्यावर आळ जाऊ नये, म्हणून सकाळी दाणा देण्यापूर्वी ढाबळीची नीट झडती घ्यावी. भिंतीलगतच्या कडीपाटावर हाताच्या तेलकट डागासारखा काळपट चकचकीत पट्टा उठला असेल तर तो उंदरांच्या रोजच्या वाटेचा आहे; त्यांचे अंग एकाच रेषेत घासून तेथे मेण चढावे तसा मळ चढतो. लेंड्या अर्धा इंच लांब व दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर उंदीर, तांदळाच्या कणीएवढ्या असतील तर घरातला छोटा उंदीर. फळीच्या कडेला दोन-दोन समांतर खोबणींच्या खुणा आणि खाली ताजा पिवळसर भुसा पडलेला दिसला तर तो काल रात्रीच येऊन गेला असे समजावे. उग्र कस्तुरीसारखा वास येत असेल तर ती चिचुंद्री. तिला लोक उंदराचीच जात मानतात, पण ती उंदीर नव्हे, कीटकभक्षक प्राणी आहे, झुरळांवर जगते आणि लाकूड कुरतडू शकत नाही, जरी अगदी लहान उघड्या पिलाला तिच्यापासूनही जपावे. अंडे नाहीसे झाले तर एक उंदीर उताणा पडून ते पोटाशी धरतो आणि दुसरा त्याला शेपटीने ओढत नेतो, ही कथा आपल्याकडेच नव्हे तर युरोपातही सांगतात. सतराव्या शतकात ला फोंतेन या फ्रेंच कवीने तिच्यावर काव्य रचले. परंतु कबुतराचे अंडे पंधरा-वीस ग्रॅमचे असते आणि ते नेण्यास उंदराला गाडी-बैलाची जरुरी पडत नाही. तो ते हनुवटीखाली धरून एकटाच ढकलीत नेतो, किंवा जागीच फोडून खातो.

मांजर पाळले की प्रश्न मिटतो, हा समज मी विशेष घातक मानतो. मांजराला उंदीर आणि कबूतर यांत निवड करण्याची पाळी आली तर ते कबूतर निवडते, कारण भरल्या अंगाचा उंदीर चावरा असतो. न्यूयॉर्कमधील एका कचरा-कारखान्यात केलेले आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण असे, की मोकाट मांजरांचा वावर असूनही ७९ दिवसांत त्यांनी मारलेले दोनच उंदीर नोंदले गेले. बाकीचे उंदीर मरण्याऐवजी दडून राहिले. धामणीचेही असेच. ती उंदरांची मोठी शत्रू आहे आणि शेतात तिला मारणे हा अविचार आहे. पण ढाबळीत शिरलेली धामण अंडी व पिले सोडत नाही, आणि ती तेथे येते तीच बहुधा उंदरांच्या मागावर.

आता विषाविषयी. बाजारात मिळणारी काळसर पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन नावाचा मारक वायू तयार करते; ती पिठात वा दाण्यात कालवून ठेवतात, आणि दाणा म्हटला म्हणजे तो उंदराने खावा व कबुतराने खाऊ नये अशी तजवीज करणे जवळजवळ अशक्य आहे. त्यावर खात्रीचा उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी दुसऱ्या जातीची औषधे रक्त गोठू देत नाहीत आणि काही दिवसांनी मारतात. त्या काळात विषाने जड झालेला उंदीर घुबड, घार किंवा शेजाऱ्याचे मांजर पकडते आणि ते विष पुढे जाते. ‘औषध खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर जाऊन मरतो’ हे वाक्य दुकानदार मोठ्या खात्रीने सांगतात. ते खरे नाही. तो बहुधा आपल्या बिळात, म्हणजे भिंतीच्या पोकळीत किंवा ढाबळीच्या तळफळीखाली मरतो, आणि तेथेच कुजतो. त्यातही उंदीर नव्या वस्तूला भितो. थोडे चाखून बाधले तर ते खाद्य पुन्हा खात नाही. ढाबळीच्या आत विष कधीही ठेवू नये, हा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. चिकट पुठ्ठेही ठेवू नयेत. त्यात कबुतराचे पंख अडकले तर ते सोडवताना पिसे आणि कातडी दोन्ही जातात.

डांबरगोळ्या ठेवण्याने किंवा कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या यंत्राने उंदीर पळतात, यावरही पुष्कळांची श्रद्धा आहे. डांबरगोळीच्या वाफेने बंद जागेत पक्ष्यांनाच बाधा होते. यंत्रांच्या बाबतीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली साठांहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना, आपल्या दाव्यांना शास्त्रीय आधार असल्याखेरीज ते करू नका, अशी ताकीद दिली. उंदीर त्या आवाजाला थोड्याच काळात सरावतो.

खरा उपयोगी आहे तो जुना पिंजरा आणि चाप. उंदीर नव्या वस्तूपासून दूर राहतो म्हणून पहिले तीन-चार दिवस चाप न चढवता त्यावर शेंगदाणा किंवा भजीचा तुकडा ठेवावा, आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागला म्हणजे मग चाप चढवावा. तोही भिंतीशी काटकोनात, तोंड भिंतीकडे करून, आणि कबुतराचा पाय पडू नये म्हणून दोन टोकांना भोक असलेल्या खोक्याखाली. गणपतीचे वाहन मारावयाचे नाही, अशी ज्यांच्या घरची रीत आहे त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण पिंजऱ्यातला उंदीर पुढच्या गल्लीत नेऊन सोडणे म्हणजे तो शेजाऱ्याला देणे होय, आणि थोड्या अंतरावरून तो परतही येतो. अशा घरांनी तर जाळी आणि पत्रा यांवरच सारी भिस्त ठेवावी. घाई मात्र करावी, कारण मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते आणि त्यानंतर लगोलग पुन्हा गाभण राहू शकते.

एका भीतीचे निराकरण करणे अवश्य आहे. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगाची आठवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. उंदीर पडला की घर सोडून माळावर झोपडी घालावयाची, हा त्या वेळचा दस्तूर होता. प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखवून दिले. ढाबळीत एक जिवंत उंदीर दिसला म्हणजे प्लेग आला असे मुळीच नाही. मात्र अनेक उंदीर आपोआप मरून पडू लागले तर ती खबर आरोग्य खात्याला द्यावी. रोजचा धोका निराळा आहे : उंदराच्या मूत्रातून माणसाला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि त्याच्या लेंड्यांनी दूषित दाण्यातून कबुतरांत साल्मोनेलाचा संसर्ग पसरतो, ज्यात पिले हगवणीने खंगतात आणि मोठ्या पक्ष्यांचे सांधे सुजतात. म्हणून लेंड्या कोरड्या केरसुणीने झाडू नयेत. नाकातोंडाला फडके बांधून, हातमोजे घालून, त्यांवर जंतुनाशकाचे पाणी शिंपडून मग त्या ओल्या फडक्याने उचलाव्यात.

आणि शेवटचे भोक बुजवण्याची घाई करू नये, नाहीतर आत राहिलेला उंदीर आतच कोंडला जातो. बाकीची सर्व भोके बुजवून झाल्यावर त्या एका भोकापुढे आणि तळफळीवर रात्री रांगोळीची पातळ पूड पसरावी, आणि सकाळी पावलांच्या खुणा पाहाव्यात. खुणा उमटत आहेत तोवर चाप चालू ठेवावा, सलग पाच-सहा रात्री पूड अस्पर्श राहिली की ते भोकही सिमेंटने बंद करावे. हे सारे ज्येष्ठात, पाऊस पडण्यापूर्वी उरकलेले बरे, कारण आषाढात सिमेंट नीट सुकत नाही आणि नाल्याकाठचे उंदीर तोपर्यंत वर चढू लागलेले असतात.