परतीची वाट आहे का?

जोखीम कशी तोलावी, हे आज आपण व्हिडिओ गेमच्या कन्सोलवरून पाहू. निन्टेन्डोचा स्विच 2017 साली आला. पुढच्याच वर्षी त्याच्या चिपमधली एक त्रुटी जगजाहीर झाली. ती चिपच्या न बदलणाऱ्या भागात होती, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत सॉफ्टवेअर पाठवून बुजवता येईना. लोक त्यात हवं ते सॉफ्टवेअर चालवू लागले. खर्च म्हणाल तर एक छोटी पिन आणि यूएसबी केबल! नंतरच्या यंत्रांत मात्र वेगळी चिप डाग देऊन बसवावी लागते. हात चुकला की यंत्रच गेलं.

पण खर्च आधी कळतो, धोका नंतर. यंत्र आपलं असतं, ऑनलाइन सेवा कंपनीची. कंपनीनं बंदी घातली की ऑनलाइन खेळ आणि ई-शॉप बंद. भारतातही कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेलं कलम 65अ आहे: हक्कभंगाच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

तेव्हा 'किती लागतील?' याआधी आपण 'मागे फिरता येईल का?' हे विचारावं. मेमरीची नक्कल ठेवली तर सॉफ्टवेअर पूर्ववत होतं. बंदी त्यानं उठत नाही. जिथं परतीची वाट नाही, तिथं लहान शक्यताही जड धरावी.