पाहुण्यांचा नाच देवापुढे

नाशिकच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. बालीचा केचाक नाच आणि जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांची मी लिहिलेली हकिगत वाचून त्या विचारतात, ‘आम्ही बालीत हॉटेलच्या हिरवळीवर स्वागताचा नाच पाहिला. मुलींच्या हातात फुलांची तबकं होती, शेवटी त्यांनी आमच्यावर पाकळ्या उधळल्या. तो नाच खरा होता, की आमच्यासाठी केलेला?’

या प्रश्नातला ‘की’ मला फार मोलाचा वाटतो. बालीच्या लोकांनाही हा ‘की’ एकदा सोडवायला बसावं लागलं होतं, आणि ते वर्षही ठाऊक आहे: 1971.

त्याआधी दोन वर्षं, 1969 मध्ये, तिथला विमानतळ आंतरराष्ट्रीय विमानांना खुला झाला होता. नुसा दुआच्या किनाऱ्यावर मोठी हॉटेलं उभारायचा आराखडा फ्रेंच सल्लागार करत होते. आपल्या देवळातले नाच हॉटेलांत जाऊ लागले तर उरणार काय, या काळजीनं बालीच्या राजधानीत, देनपासारला, विद्वान, कलावंत आणि अधिकारी जमले. विषय होता, पवित्र नाच कोणते आणि लौकिक कोणते. पहिली अडचण शब्दांचीच आली. बाली भाषेत या जोडीला शब्द नव्हते, म्हणून ‘साक्राल’ आणि ‘प्रोफान’ हे युरोपातले शब्द उसने घ्यावे लागले.

शब्द नव्हते याचं आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडे जत्रेत पालखीपुढे नाचणाऱ्याला विचारून पाहा, तू देवासाठी नाचतोस की गावासाठी? त्याला प्रश्नच कळणार नाही. बालीत देवळाच्या उत्सवाला, म्हणजे ओदालानला, नाच होतो तेव्हा समोर गाव बसलेलं असतं, भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई असते, आणि न दिसणारेही प्रेक्षक असतात. दिसणारं ते ‘सकाला’, न दिसणारं ते ‘निस्काला’. नाच दोघांसाठी असतो.

मग त्या मंडळींनी काय केलं, तर देवळाच्या बांधणीचा आधार घेतला. मला ही युक्ती अतिशय सुंदर वाटते. बालीच्या देवळाला साधारण तीन अंगणं असतात. सगळ्यात आतल्या अंगणातले नाच ते ‘वाली’, ते विधीचाच भाग. मधल्या अंगणातले ‘बबाली’, विधीच्या सोबतीचे. बाहेरच्या अंगणातले ‘बालिह-बालिहान’, बघण्यासाठीचे. पर्यटकांना दाखवायचे ते हे शेवटचे. पुढे 2015 मध्ये युनेस्कोनं बालीच्या नृत्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नऊ नाच याच तीन खणांत मांडलेले होते. पर्यटकांच्या भीतीनं आखलेली रेघ अशी चव्वेचाळीस वर्षांत परंपरा म्हणून जगापुढे गेली.

आता बाईंच्या नाचाकडे येतो. त्याचं मूळ नाव पेंडेट. देवळात उतरणाऱ्या देवांचं स्वागत करायला मुली आणि बायका तो करत, फुलं आणि धूप हातात घेऊन. 1950च्या दशकात तो देवळाबाहेर, माणसांच्या स्वागताला आला. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तर शेकडो मुलींनी तो एकत्र केला. मग हॉटेलांत सुरू झाला, आणि लोकांना खुपू लागलं: देवांवर टाकायची फुलं पर्यटकांवर? तेव्हा देनपासारच्या संगीत-नृत्य शाळेत इ वायान बेराथा यांनी पेंडेटच्याच धाटणीवर निव्वळ पाहुण्यांसाठी वेगळा नाच बसवला, पन्येम्ब्रामा.

या नावापाशी मला थांबावंसं वाटतं. ‘सम्ब्रामा’ म्हणजे बालीत स्वागत. स्वागताच्या भाषणाला ते आजही ‘सम्ब्रामा वाचना’ म्हणतात. मूळ शब्द संस्कृत ‘संभ्रम’. आपण त्यातला गोंधळ तेवढा ठेवला; पण कोणी मोठं माणूस दारात आल्यावर घरात उडणारी आदराची धांदल, हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. शेजारच्या कन्नडात ‘संभ्रम’ म्हणजे सणासुदीचा आनंद. पाहुणा आल्यावरची ती लगबग बालीनं जपली.

तर रेघ नीट आखली गेली होती. देवांना पेंडेट, पाहुण्यांना पन्येम्ब्रामा. पण त्या शाळेत शिकलेल्या मुली आपापल्या गावांच्या होत्या. गावात ओदालान आलं की देवळात नाचायला त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांच्या अंगात बसलेला, घोटून घेतलेला नाच होता पन्येम्ब्रामा. त्यांनी तो देवांपुढे केला, आणि गावांनी तो आनंदानं घेतला. पर्यटकांपासून देवाचा नाच वाचवायला जो रचला, तोच देवळात गेला. फ्रेंच अभ्यासक मिशेल पिकार यांनी हा प्रवास नोंदवला आहे. त्यांच्या लेखनात मी तो पहिल्यांदा वाचला, त्या रात्री मला झोप आली नव्हती.

मला यात भ्रष्ट झालेलं काही दिसत नाही. बालीतल्या बातुबुलान गावी मी सकाळच्या बारोंग नाचाच्या खेळाला लवकर जाऊन बसलो होतो, पर्यटकांच्या बसगाड्या यायच्या होत्या. एक म्हातारी आली, नारळाच्या पात्यांची छोटी टोपली, चनांग, रंगमंचाच्या पायरीशी ठेवली, उदबत्तीचा धूर हातानं पुढे सारला आणि गेली. समोरच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या. तिच्या लेखी खेळ बघणारे आधीच येऊन बसले होते.

तेव्हा बाई, तुमच्यासाठीच केलेला होता तो नाच, अगदी नावासकट. पुन्हा गेलात तर हिरवळीच्या कडेला, वादकांच्या पायांशी बघा. तिथेही एक चनांग ठेवलेली सापडेल.